स्विच सीटखाली आणि मी मौनात

...नाही हो, स्विच बसवायला माझी हरकत नव्हतीच, तो कुठे बसवावा एवढंच मला सांगायचं होतं, आणि नेमकं तेवढंच सांगता येत नव्हतं, कारण माझं मौन. तुम्ही हसताय. हसा. मला ओळखणारे तर पोट धरून हसतात. माहेरी मला बडबडी म्हणतात. आई म्हणते, ही बोलता बोलता थांबली तर समजायचं श्वास घेतेय. अशा बाईनं मौन धरलं, आणि धरलं तेही कधी, तर घरात नवरा स्कूटर खोलून बसलेला असताना. याला म्हणतात योग.

आता मौन का, तर आईसाठी. आईचा एक डोळा कधीचाच गेला. उरला तो एक, आणि त्याच्यावरही सायीसारखा पडदा धरत चाललेला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, बघू. डोळ्यांच्या डॉक्टरनंच ‘बघू’ म्हटलं तर बाकीच्यांनी काय म्हणायचं? आई मात्र शांत. मला म्हणाली, “पट्टी सोडतील तेव्हा तू समोर बस गं. दिसलंच तर पहिलं तोंड तुझं दिसू दे. नाहीच दिसलं तर तुझा हात तरी हाताशी असू दे.” आता हे ऐकून कुठल्या लेकीचं मन थाऱ्यावर राहील? मी घरी आले, देवापुढे दिवा लावला आणि म्हटलं, आई मला डोळ्यांनी बघेपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही. इथं थांबायचं की नाही? पण थांबणं माझ्या रक्तात नाही. पुढे म्हटलं, लिहूनसुद्धा सांगणार नाही, लिहिणं म्हणजे काय, हातानं बोलणंच की. नवस बोलताना माणूस कधी हात आखडता घेतो का? मी मीठ सोडलंय, चप्पल सोडलीय, यांच्या बढतीसाठी वर्षभर गोड सोडलं होतं. बढती शेजाऱ्यांना मिळाली, पण माझा देवावर राग नाही, त्याला दार चुकलं असेल. खुणांचं मात्र मी काही बोलले नव्हते. म्हटलं, तेवढी फट देवानंच ठेवली असणार.

आईचं ऑपरेशन झालं, तिकडे दवाखान्यात तिच्या डोळ्यावर पट्टी बसली आणि इकडे घरी माझ्या तोंडावर. घरात इतकी शांतता झाली की आमच्या ह्यांना आमच्या फ्रिजचा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला, आणि त्यांना वाटलं फ्रिज बिघडला. निघाले खोलायला. मी फ्रिजला पाठ लावून दोन्ही हात पसरून उभी राहिले. तेव्हा कुठे फ्रिज वाचला. पण हातात स्क्रू ड्रायव्हर घेतलेला माणूस रिकामा परत जात नाही, तो अंगणात गेला. अंगणात होती स्कूटर.

स्कूटर माझी. म्हणजे चालवते मी, सजवतात हे. पुढे दोन जादा दिवे, असे की समोरच्याला पूर्वजन्म आठवावा. ट्रकला शोभेल असा हॉर्न. फोन चार्ज करायची सोय. पायाशी निळ्या उजेडाची पट्टी, ती कशासाठी ते त्यांनाही सांगता येत नाही. आणि चोरासाठी भोंगा. गाडीला कुणाचा हात लागला की तो कोकलतो. आजवर त्यानं चोर एकही पकडला नाही, मांजरं पुष्कळ पकडली. आणि हे सगळं जोडलेलं थेट बॅटरीला, म्हणजे किल्ली काढली तरी या सगळ्यांची पंगत चालूच. बॅटरीनं रात्रभर सगळ्यांना वाढायचं आणि सकाळी मी स्टार्टरचं बटण दाबलं की नुसतं खाकरायचं. गाडीला किक नाही. मग मेकॅनिकपर्यंत मी ढकलते, हे बसतात.

“आता ढकलायचं संपलं,” असं हे म्हणाले. फोनवरच्या व्हिडिओत कुणी एक माणूस स्कूटरच्या वायरी शिकवतो, त्याला दोनदा बघून आले होते. “एक कट-ऑफ स्विच. बस. बॅटरीकडून या सगळ्या नटव्यांकडे जी वायर जाते ना, तिच्या मधोमध स्विच. गाडी उभी केली की स्विच बंद, सगळ्यांचं जेवण बंद. गाडी मात्र सुरू होणार, तिची वायर वेगळी. समजलं?”

मी मान डोलावली. समजलं होतं, आणि आवडलंही होतं, खोटं कशाला सांगू. मला वाटलं, देवानं मौनाचं फळ आधीच पाठवायला सुरुवात केली.

संध्याकाळी अंगणात बैठक. हे मांडी घालून, मी टॉर्च धरून. सीट उघडून वर केलेली. आता आमच्या स्कूटरची एक गोष्ट लक्षात ठेवा, सगळं रामायण तिच्यावर आहे. हिची सीट किल्लीनं उघडत नाही. किल्लीच्या शेजारी एक छोटं बटण आहे, ते दाबलं की कुलपाला वीज मिळते आणि सीट टक्क करून उघडते. सीटखाली डिकी, आणि पेट्रोलचं झाकणही तिथंच. म्हणजे ती सीट उघडली नाही तर काय काय अडेल, याचा विचार तुम्ही करा. यांनी केला नाही.

यांनी सगळ्या नटव्यांच्या लाल वायरी एकत्र ओढल्या. दिव्यांची लाल, हॉर्नची लाल, भोंग्याची लाल, आणि त्यांच्याबरोबर आणखी एक लाल. मी टॉर्च त्या वायरीवर नेला. ती सीटच्या कुलपाची होती. मला कसं कळलं? अहो, ती डिकी दर आठवड्याला पुसते कोण? मी टॉर्च हलवला. हे म्हणाले, “टॉर्च सरळ धर.” मी त्या वायरीवर बोट ठेवलं. हे म्हणाले, “हो, लाल. लाल म्हणजे लाल, सगळ्या एका मापाच्या.” मी सीटकडे बोट केलं, कुलूप लावल्याची खूण केली, दोन्ही हातांनी ओढून दाखवलं, उघडत नाही उघडत नाही अशी मान हलवली. त्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं.

“बरोबर ओळखलंस. चोराच्या बापाला उघडणार नाही. म्हणून तर स्विच डिकीच्या आतच बसवतोय, डाव्या कोपऱ्यात. बाहेर बसवला तर कुणीही दाबेल.”

आता सांगा, मी काय करावं? आतल्या आत ओरडतेय की अहो, वीज बंद केली की सीट उघडणार नाही, आणि सीट उघडली नाही तर वीज चालू करणार कशी? एवढं साधं वाक्य. एरवी मी याच्या चौपट लांब वाक्य भाजी चिरता चिरता फेकते. ते ओठांपर्यंत आलं, दातांना धडकलं, परत गेलं. आई डोळ्यांवर पट्टी बांधून पडलीय, आणि मी एका वायरीपायी तिची नजर घालवू? गिळलं मी ते वाक्य. पोटात जाऊन टोचत बसलं. माझं मौन.

काम झालं. कुलपाच्या खाचेत यांनी बोटभर काळं ग्रीस भरलं, “आता बघ, लोण्यासारखी चालेल.” मग आठवण झाली आईच्या काळ्या चष्म्याची. दोन्ही बाजूंना झापडं असलेला खास चष्मा होता तो, डॉक्टरांनी सांगून करवून घेतलेला. निक्षून म्हणाले होते, हा हातात असल्याशिवाय पट्टी सोडणार नाही, उजेड एकदम आत गेला तर केलेलं सगळं पाण्यात. हे म्हणाले, “सकाळी घाईत विसरशील, आत्ताच ठेवतो,” आणि चष्मा डिकीत ठेवला. मी हात पुढे केला. त्यांनी प्रेमानं बाजूला सारला. डाव्या कोपऱ्यातला स्विच बंद केला आणि सीट खाली दाबली.

खट्ट.

तो आवाज माझ्या काळजात झाला, तुम्हाला सांगते.

सकाळी आंघोळ, दिवा, सगळं आटपून मी स्कूटरपाशी गेले. पट्टी सोडायचा दिवस. किल्ली लावली, सीटचं बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. काही नाही. रात्री मनात एक आशा होती की मला वायरींतलं काय कळतं, मी चुकले असेन. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, देवा, मला चुकीचं ठरव. पण नाही. हे आले, त्यांनी दाबलं. मग वाकून कान लावला. मग स्टार्टर मारला, तर गाडी पहिल्या झटक्यात सुरू. आणि यांचा चेहरा काय फुलला.

“बघितलंस? गाडी सुरू होते आणि सीट उघडत नाही. म्हणजे कट-ऑफ एकदम फर्स्ट क्लास चाललाय.”

मी डिकीकडे बोट केलं. मग हळूहळू, एक एक पायरी उतरावी तसा, त्यांचा चेहरा उतरत गेला. “अरे,” म्हणाले. “चष्मा,” म्हणाले. आणि मग, अहो, मग मला म्हणाले, “तू काल सांगायचं नाहीस का?”

माझं मौन हो, माझं मौन.

उलथनं झालं, लोखंडी पट्टी झाली, माझी केसांची पिन झाली, सीट ढिम्म. घड्याळ पुढे चाललेलं. डॉक्टर अकरापर्यंतच असतात, मग दुसऱ्या गावी जातात ते थेट पुढच्या आठवड्यात. शेवटी हे म्हणाले, “मी बसनं पुढे जातो, डॉक्टरांना बोलण्यात गुंतवून ठेवतो. तू गाडी घेऊन वाटेतल्या मेकॅनिककडे जा, तो उघडून देईल.” माणूस वाईट नाही हो. संकट आणतो, पण त्याच्यासोबत धावतोही.

मी निघाले. मेकॅनिकचं शटर खाली. वर खडूनं लिहिलेलं, येतो. कधी येतो ते लिहिलेलं नाही. आणि तेवढ्यात काट्याकडे लक्ष गेलं. पेट्रोल तळाला. आता समोर पंप होता आणि पेट्रोलचं झाकण कुठे, तर सीटखाली. हसू नका. त्या वेळी मला रडूही आलं नाही, इतकी मी कोरडी पडले होते.

तरी रांगेत जाऊन उभी राहिले. का? तर देव पाहत असतो, एवढ्यावर. माझा नंबर आला. पंपवाला म्हणाला, “ताई, सीट उघडा.” मी बटण दाबून दाखवलं, हात हलवले. तो म्हणाला, “किती टाकू?” मी सीटवर थाप मारली. मग त्याच्या ध्यानात काहीतरी आलं, तो एकदम मवाळ झाला आणि मागच्याला हळूच म्हणाला, “ताईंना बोलता येत नाही.” आणि त्यानंतर, का कोण जाणे, माझ्याशी खूप मोठ्यानं बोलायला लागला. “ताई! सीट! वर! करा!” मागून एक आजोबा उतरून आले, त्यांनी हातवारे करून मला विचारलं की सीट उघडत नाही का. पहिला माणूस, ज्याला माझी खूण कळली. मला वाटलं यांच्या पाया पडावं. तेवढ्यात फोन वाजला. हेच.

“कुठे आहेस? डॉक्टर बॅग भरतायत. मी त्यांना आपल्या कट-ऑफची वायरिंग समजावून सांगतोय, पण फार वेळ टिकतील असं वाटत नाही. हॅलो? हॅलो? अगं बोल ना काहीतरी.”

मी फोनवर नखानं टकटक केलं. “टकटक म्हणजे काय? निघालीस की पोचतेस?” मी आणखी टकटक केलं. “बरं, मग ठीक आहे,” म्हणाले आणि ठेवला. काय ठीक होतं, देवाला माहीत.

आणि मग, तुम्हाला सांगते, माझ्यात काय संचारलं कुणास ठाऊक. चार दिवस न बोललेली सगळी वाक्यं एकदम हातात उतरली. मी आजोबांना आणि पंपवाल्याला खुणेनं सांगितलं, सीट मागून धरा, वर ओढा, जीव खाऊन ओढा. त्यांनी ओढली. बोटभर फट झाली. मी बांगड्या वर सारल्या आणि हात आत घातला. टॉर्च कुणी धरला होता? मी. मग कोपरा कुणाला पाठ असणार? कुलपाच्या खाचेवरून, त्या बोटभर ग्रीसमधून हात घसरत घसरत डावीकडे गेला. घाम डोळ्यांत यायला लागला, तो दुसऱ्या हातानं पुसला, मग हा हात अडकला म्हणून काढून दुसरा घातला आणि ह्यानं घाम पुसला. असं तीनचारदा झालं. लक्षात ठेवा हे. मी नव्हतं ठेवलं. आणि शेवटी बोटाला तो स्विच लागला. आईचं नाव घेतलं, मनातल्या मनात, आणि दाबला.

पुढचे दिवे पेटले. निळी पट्टी पेटली. आणि भोंगा. अहो तो भोंगा, सगळा पंप दणाणला, कारण त्याच्या मते गाडीला तीन चोर एकदम झोंबले होते, आणि त्यातल्या एकीचा तर हात आतच होता. रांगेतली माणसं मागे सरली. कुणीतरी ओरडलं, “चोर आहे वाटतं.” मी सांगणार काय, की गाडी माझीच आहे? आजोबा प्रसंगावधानी, त्यांनी पुढे जाऊन सीटचं बटण दाबलं.

टक्क.

जगात इतका गोड आवाज मी ऐकला नाही. चष्मा काढून पदराआड धरला, पेट्रोल भरलं, स्विच बंद केला तेव्हा भोंगा निवला, आणि सीट दाबली नाही, नुसती टेकवली. आजोबांपुढे हात जोडले. ते माझ्या तोंडाकडे बघत काहीतरी सांगणार होते, पण थांबले, मान हलवली, आणि “जा पोरी” एवढंच म्हणाले. पंपवालासुद्धा बघत होता. वाटेत सिग्नलला शेजारच्या गाडीवरचं मूल माझ्याकडे बघून आईला बिलगलं. मला वाटलं, तप केलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर तेज येतं म्हणतात, तेच आलं असावं. आरसे? आरसे आहेत की गाडीला. दोन्ही यांच्या उंचीला लावलेले, मला त्यांत फक्त आभाळ दिसतं.

दवाखान्याचा जिना कसा चढले आठवत नाही. खोलीत पडदे ओढलेले, अर्धा अंधार. डॉक्टर दाराकडे आणि हे डॉक्टर आणि दाराच्या मधे उभे, हातानं हवेत वायरी काढतायत. मी चष्मा डॉक्टरांच्या हातात दिला, त्यांची नजर घड्याळावर, आणि जाऊन आईसमोर बसले. आईनं माझा हात चाचपला. “आलीस?” म्हणाली. मी हात दाबला. तिनं माझी बोटं गच्च धरली, सोडेचना, आणि तेव्हा कळलं की इतके दिवस ती शांत नव्हती, तसं मला दाखवत होती.

डॉक्टरांनी पट्टी सोडायला घेतली. एक एक वेढा. मी देवाला म्हटलं, आता तुझं तू बघ. शेवटचा कापूस निघाला. आईनं डोळा उघडला.

“आजी, समोर बघा. काय दिसतंय?”

आईनं डोळा बारीक केला, परत उघडला. मग अगदी हळू म्हणाली, “डॉक्टर, काळं दिसतंय.”

खोलीतली हवाच गेली. हे भिंतीला टेकले. डॉक्टरांचा हात थांबला. आणि मी... मी एवढे नवस केले, मीठ, चप्पल, गोड, शब्द, सगळं सोडलं, आणि काळं? मला ओरडायचं होतं, आणि ओरडता येत नव्हतं, कारण तिनं अजून मला पाहिलंच नव्हतं ना. मौन सुटायचं ते तिच्या नजरेनं. आता ते जन्मभर माझ्याबरोबर राहणार होतं.

डॉक्टर वाकले. “सगळंच काळं आहे का, आजी? कडेला काही?”

“कडेला नाही हो. कडेला स्वच्छ आहे. पडदा दिसतोय, पडद्याची रिंग तुटलीय ती दिसतेय. जावईबापू भिंतीला टेकलेत, पोट सुटलंय त्यांचं. तुमचं टक्कल दिसतंय. मधोमधच तेवढं काळं आहे.” आणि मग तिनं मान तिरकी केली, बोटानं माझा गाल पुसला, आणि म्हणाली, “आणि त्या काळ्यात दोन डोळे आहेत. रडतायत. अगं... ही तर आमची बडबडी. कुठल्या चुलीत तोंड घालून आलीस?”

नर्सनं आरसा आणून दिला. कानापासून कानापर्यंत ग्रीस. सांगते ना, बोटभर भरलं होतं.

आई हसत होती, मी रडत होते, डॉक्टर चष्मा चढवत होते तिला. एवढी वर्षं जे तोंड तिला एकदा नीट बघायचं होतं, ते दिसलं ते हे असं. पण दिसलं. देवानं शब्द पाळला, मी रंग ठरवून दिला नव्हता, ती चूक माझी. आई म्हणाली, “आता बोल की गं. तुझा आवाज ऐकल्याशिवाय मला खरं वाटायचं नाही.”

आणि तुम्हाला सांगते, माझ्या तोंडातून पहिला शब्द निघाला तो “आई”, आणि दुसरं वाक्य निघालं ते यांच्याकडे वळून, अहो ती लाल वायर सीटच्या कुलपाची होती. कालपासून पोटात टोचत होतं, निघालं एकदाचं. हे एकदम ताठ झाले. म्हणाले, “अगं मग आधी सांगायचं ना.”

असो. नजर आली, मौन सुटलं, नवस फिटला. संध्याकाळी घरी आलो तर हे लगेच स्कूटरपाशी. पुन्हा मी टॉर्च धरून, पण आता बोलायला मोकळी. एवढं बोलले, एवढं बोलले की त्यांनी मुकाट्यानं ती लाल वायर सोडवली, स्विच डिकीतून काढला आणि बाहेर हँडलखाली बसवला. मी मनात म्हटलं, चला, बोलण्याचा काही उपयोग आहे. देवापुढे दिवा लावायला आत गेले. पाच मिनिटं हो, जास्त नाही. परत आले तर हे हात पुसत उभे.

“स्विच बाहेर आला ना, म्हणजे कुणीही दाबणार. म्हणून त्याच्यावर एक डबी बसवली, आणि डबीला छोटं कुलूप. आता कुणाची हिंमत नाही.”

मी म्हटलं, बरं, आणि कुलपाची किल्ली?

“सुरक्षित आहे,” म्हणाले, “डिकीत ठेवून सीट लावलीय.” आणि मला दाखवायला म्हणून त्यांनी सीटचं बटण दाबलं, मग परत दाबलं, मग कान लावला. मग म्हणाले, “अरे, ती सोडवलेली वायर परत जोडायचीच राहिली वाटतं.”

आता बोलायला मोकळी आहे मी. कसली आडकाठी नाही. पण तुम्हीच सांगा, काय बोलू?